कारळफुलीची कॉपी

“एवढ्याशा कामाला तीन सीड्या?” मोठे भावजी माझ्या टेबलावरच्या चकत्या चिमटीत उचलून म्हणाले. “हे बघ माझं. सगळी डिझाईनं एका सीडीत, आणि वर जागा शिल्लक.”

“शिल्लक जागेचं काय पुण्य लागतंय का भावजी?” मी म्हटलं.

नंदकुमार, म्हणजे माझा नवरा आणि भावजींचा धाकटा भाऊ, ग्राफच्या कागदात तोंड खुपसून हसला. मोठ्यानं हसायची सोय नव्हती. एकीकडे सख्खा भाऊ, दुसरीकडे बायको, आणि जेवायला दोघांच्या मधेच बसायचं असायचं.

इचलकरंजीत आमचं जेकार्ड डिझाईनचं दुकान होतं. साडीच्या काठापदरावर मागातून जी नक्षी विणून येते, तिचा चौकटी-चौकटींचा नकाशा आधी कुणीतरी काढावा लागतो. ते काम माझ्या सासऱ्यांनी, आण्णांनी, उभा जन्म केलं. पूर्वी सगळं कागदावर असायचं. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा मोठ्या भावजींनी, दिनकरभावजींनी, आण्णांचा एकेक कागद त्यात चढवला आणि वाळवीनं खाल्लेले मूळ कागद रद्दीत घातले. म्हणजे आण्णांचं सगळं आयुष्य त्या एका करड्या डब्यात जाऊन बसलं होतं. आता तो डबाही म्हातारा झाला होता. दसऱ्याला नवा यायचा होता, आणि जुना बदल्यात देऊन टाकायचा ठरला होता. त्याआधी डिझाईनं सीडीवर उतरवून घ्यायची, एवढं साधं काम. पण आमच्या घरात साधं काम साधेपणानं कधी झालंय?

फायली दाबून लहान करायला भावजींनी सेव्हन-झिप वापरलं होतं आणि त्याचा त्यांना फार अभिमान. “ह्यात सगळ्या फायली सलग, एका दमात दाबल्या जातात,” ते मला समजावायला लागले. “रुईफुलाचा काठ एकदा आला की पुढच्या रुईफुलाला ते म्हणतंय, मागचं बघून घे, परत कशाला लिहायचं? म्हणून एवढी लहान होतीया.”

“आणि मागचंच खराब झालं तर? पुढच्यानं कुणाकडं बघायचं?”

“खराब कशानं होतंय? कपाटात तर ठेवायची.”

“झिपमध्ये प्रत्येक फाइल आपापली दाबली जाते. जागा जास्त लागते, मान्य. पण एक गेली तर शेजारची जात नाही.”

“आणि तुझं झिप मराठी नावं कुठं घेतंय?” भावजींनी बरोबर माझ्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं. “गोमी, करवत, कुयरी, सगळ्यांची नावं काढून आकडे घातलेस. उद्या नुसत्या आकड्यावरून कुठला काठ कुणाला कळायचा?”

ते खरंच होतं. आमच्या त्या कॉम्प्युटरवर मराठी नावाची फाइल झिपमध्ये घालायला गेलं की तो सरळ नकार द्यायचा. मग मी रार नावाच्या तिसऱ्या प्रकाराचा विषय काढला. त्यात दुरुस्तीची सोय ठेवता येते, थोडी इजा झाली तर फाइल स्वतःला सावरते. भावजी म्हणाले, ती सोय ठेवली की फाइल फुगते, आणि ते बनवायचं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं कुणी? राहता राहिलं टार. सांगलीला मी कॉम्प्युटरचा कोर्स केला तिथल्या सरांचं ते फार लाडकं होतं, पण ते दाबत काहीच नाही, नुसतं गाठोडं बांधतं. म्हणजे ज्याच्यात त्याच्यात काहीतरी उणं होतंच. तरी आम्ही दोघं तावातावानं असे बोलत होतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, शेताच्या बांधावरून चाललंय.

आण्णा दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला.

“दिनकर, तू तुझी कर. शैला, तू तुझ्या कर. दोन्ही ठेवा. पर भांडू नका, दारात गिऱ्हाईक उभं हाय.”

निकाल लागला. सीड्या चालतात का ते आम्ही दोघांनी तपासून बघितलं आणि जुना कॉम्प्युटर दुकानदाराच्या माणसाच्या हवाली केला.

आता मी त्या फायलींसाठी एवढी का भांडत होते, ते सांगते. भावजींना वाटायचं, कोर्स केलाय म्हणून मिरवते. तसं थोडं होतंही. पण खरं कारण दुसरं होतं. विट्याच्या एका कारखानदारानं नंदकुमारला बोलावणं धाडलं होतं. तिकडे जेकार्डचे माग वाढत होते आणि डिझाईन काढणारं माणूस नव्हतं. तिथेच येऊन बसा, जागा देतो, काम देतो, असं म्हणत होता. आम्ही दोघं एकदा लग्नाचं निमित्त काढून जाऊन जागाही बघून आलो होतो. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि परसात शेवग्याचं झाड. मला ती इतकी आवडली होती, की येताना एसटीत मी मनातल्या मनात भांडी लावत होते. जायचं तर डिझाईनं बरोबर हवीत, आणि एकेक सुटी काढता येतील अशी हवीत. माझ्या तीन सीड्यांच्या पोटात हे सगळं होतं.

जायचं मनात होतं, पण आण्णांना विचारायचं कुणी? आमच्या घरात वेगळं निघणं म्हणजे काय, हे मला लग्न झाल्या झाल्या कळलं होतं. आण्णांचा धाकटा भाऊ पूर्वी भांडून वेगळा झाला, घराच्या मधोमध भिंत पडली, आणि तेव्हापासून आण्णांनी त्याच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. भिंतीपलीकडे तो खोकला तरी इकडे आण्णा रेडिओ मोठा करायचे. सासूबाईंना, आत्याबाईंना, तर त्या शब्दाचाच धसका. आण्णांना साखरेचं पथ्य होतं, पण त्यांच्या बिनसाखरेच्या चहाला सुद्धा ‘वेगळा चहा’ म्हणायची सोय नव्हती.

“आज विचारता का?” मी रोज सकाळी नंदकुमारला विचारायची.

“आज आण्णांचा मूड बघतो,” तो म्हणायचा.

मूड बघता बघता गणपती गेले, पितृपक्ष गेला, नवरात्र आलं. तिकडे कारखानदार दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणाला होता.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. ज्याचं जे हत्यार. आण्णांनी पोरवयात ज्या मागावर काम केलं त्याचा लाकडी धोटा, डिझाईनची कार्डं पाडायचं हातयंत्र, कात्र्या, पेन्सिली, पट्ट्या, आणि अलीकडे कॉम्प्युटर. त्या वर्षी मात्र कॉम्प्युटरचं टेबल मोकळं. आत्याबाई आरतीचं ताट घेऊन दुकानात आल्या आणि थबकल्या.

“दिनकर, हितला काम्पुटर कुठं गेला?”

“गेला की आई परवाच. नवा उद्या यायचा.”

“मग आज पुजायचं काय? हत्यारच न्हाई?”

“त्यातलं सगळं ह्या सीड्यांत आहे. काळजी करू नको,” असं म्हणून भावजी हार आणायला बाहेर गेले.

आत्याबाईंनी त्यांच्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवला. त्यांनी चारही सीड्या डब्यांतून काढल्या, पाटावर मांडल्या, आणि कुणावर अन्याय नको म्हणून चारींना सारखंच ओलं हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडूचं एकेक फूल ठेवलं. एका अंगाला आमचं मार्करचं गिचमिड होतं. देवाचं तोंड असं थोडंच असतंय? म्हणून त्यांनी चकचकीत बाजू वर केली.

मी आत पुरणाला चटके देत होते. नंदकुमार बाजारात. भावजी हार घेऊन येईपर्यंत सीड्या परत डब्यांत गेल्या होत्या. पाहिलं कुणीच नाही.

दसऱ्याला सकाळी नवा कॉम्प्युटर आला. गल्लीतली चार माणसं जमली, आण्णांनी नारळ फोडला, आक्कांनी म्हणजे मोठ्या जाऊबाईंनी पेढे वाटले. भावजींनी मोठ्या ऐटीत आपली सीडी आत घातली. आतून घरघर झाली. परत घरघर झाली. मग पडद्यावर एक चौकट आली आणि भावजींचा चेहरा उतरला. त्यांनी सीडी बाहेर काढून उजेडात धरली. तिच्यावर बारीक बारीक चरे होते, गोल गोल, एकात एक.

“ह्याला वरखडे कुणी पाडले?”

“वरखडे कशाचे?” आत्याबाई कौतुकानं पुढे झाल्या. “मी घासल्या की पहाटं. कुंकू वाळून बसलं हुतं. नव्या यंत्रात लालपिवळं तोंड घिऊन कशाला जायचं? तांब्याच्या भांड्यांसंगट पूड लावून काथ्यानं काढल्या. आरशागत झाल्यात का न्हाई?”

मी धावत जाऊन माझ्या तीन बघितल्या. त्याही तशाच. आत्याबाईंच्या हातात पक्षपात नव्हता.

भावजींनी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. जुना डबा पुसून कागलच्या गिऱ्हाइकाला केव्हाच गेला होता. पेढ्याचा घास आक्कांच्या हातात तसाच राहिला. आण्णा नव्या कॉम्प्युटरच्या हाराकडे बघत होते. खरं सांगायचं तर आधी माझ्या डोळ्यांपुढे विट्याची खोली आली आणि मग आण्णा. काय करणार, तरुण होते.

“काय झालं? माझं काय चुकलं?” आत्याबाई सगळ्यांच्या तोंडाकडे बघत विचारत राहिल्या.

“काही नाही आत्याबाई. तुम्ही बसा,” मी म्हटलं आणि कॉम्प्युटरसमोर बसले.

सांगलीच्या कोर्समध्ये एक बारकंसं सॉफ्टवेअर मिळालं होतं. चरे पडलेल्या सीडीवरचं वाचता येईल तेवढं ते वाचतं आणि न येईल तिथे रिकामं सोडून पुढे जातं. आधी भावजींची सीडी लावली. दुपारची जेवणं झाली, भांडी झाली, तरी ते आपलं मुंगीच्या पावलानं चाललंच होतं. शेवटी फाइल उतरली. उघडली. आणि भावजी ओरडलेच, “हायत! सगळी हायत!”

पडद्यावर नावांची रांगच्या रांग. गोमी, रुईफूल, करवत, कुयरी, सगळी शुद्ध मराठीत. भावजींनी घाईघाईनं ती बाहेर काढायला सांगितली. सुरुवातीची भराभर निघाली. मग एक अडकलं. आणि त्याच्यानंतरचं प्रत्येक अडकलं, शेवटपर्यंत. मधे काही ठिकाणी वाचता आलं नव्हतं एवढंच, पण पुढची सगळी मागच्यावर टेकलेली होती. मागचं ढासळलं तशी पुढची सगळी बसली. सुरुवातीची मूठभर डिझाईनं हाताला लागली. बाकीच्यांची नुसती नावं.

मग माझ्या सीड्या. एक झिप आधी उघडेना, पण त्यातल्या बऱ्याच फायली सुट्या सुट्या काढता आल्या. दुसऱ्यातल्या काही फायली निघाल्या, काही मेल्या. तिसरं पूर्ण निघालं. असं एकेक करत संध्याकाळी दिवे लावायच्या सुमाराला बहुतेक सगळी डिझाईनं परत आली. थोडी गेली, पण इथलं एक, तिथलं एक, अशी. शेजारच्याला धक्का नव्हता. फक्त एकालाही नाव नव्हतं. नुसते आकडे.

“तुझ्याकडं डिझाईनं हायत, नावं न्हाईत,” भावजी म्हणाले. “माझ्याकडं नावं हायत, डिझाईनं न्हाईत.”

आणि त्या दिवसातलं पहिलं हसू आम्हा दोघांना एकदमच आलं.

आण्णा इतका वेळ मागे खुर्चीत बसून होते. आता ते खुर्ची ओढत जवळ आले.

“शैला, मला एक सांग. पूजा चारींची झाली, घासल्याबी चारी. मग त्येची गेली आणि तुझी ऱ्हायली, ती कशी?”

नंदकुमार माझ्याकडे बघत होता. प्रश्न सोपा होता आणि उत्तरही मला पाठ होतं, पण ते उत्तर त्या घरात, त्या माणसासमोर म्हणायचं कसं? खोटं सांगावं का, असंही क्षणभर वाटलं. पण तेवढ्यात आण्णांनी पुन्हा “सांग की” म्हटलं.

“आण्णा, भावजींच्यात सगळी एकमेकांना धरून होती. त्यानं जागा खूप वाचते, ते काही चूक नाही. पण एकीकडं धक्का बसला की तो सगळ्यांना बसतो. माझ्यात प्रत्येकाचं... प्रत्येकाचं आपापलं होतं.”

“आपापलं.”

“होय.”

“पर पेटी एकच.”

“एकच की. एका सीडीत झिप एकच. आत फक्त आपापलं.”

आण्णांनी मान हलवली. उठून आत गेले आणि हातपाय धुऊन सोनं वाटायला बाहेर पडले. नंदकुमार माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “आता तर विचारायलाच नको.” माझे डोळे भरून आले. दसऱ्याच्या दिवशी रडू नये म्हणून मी झेंडूची फुलं आवरत बसले.

दुसऱ्या दिवसापासून नावं लावायचं काम सुरू झालं. मी एकेक डिझाईन पडद्यावर मोठं करायची, भावजी त्यांच्या यादीतली नावं वाचायचे आणि आण्णा जुळवायचे. म्हणजे भावजींनी वाचायची वेळच यायची नाही. चित्र पुरतं उमटायच्या आत आण्णा बोलायचे.

“ही गोमी. पण मोठी गोमी न्हवं, बारकी. बेळगावच्या पार्टीला काढलेली... ही करवत... ही कुयरी, हिचं शेपूट उलटं पडलं हुतं, मालक लई वरडला, आणि मग तीच खपली बघ.”

असे दिवस त्या दुकानात ना आधी गेले ना नंतर. आण्णा एरवी मोजकं बोलणारे. पण प्रत्येक काठामागे एक माणूस होता, एक भांडण होतं, एक गंमत होती. भावजी आणि नंदकुमार लहान मुलांसारखे ऐकत बसायचे. आक्का चहा घेऊन यायच्या आणि परत जायलाच विसरायच्या. आमच्यात वाद घालायचं कारणच उरलं नव्हतं. माझ्या आकड्यांवर भावजींची नावं एकेक करून चढत होती आणि मला मनापासून बरं वाटत होतं.

शेवटी भावजींच्या यादीत ज्यांचं चित्र कुठेच सापडलं नाही, अशी थोडी नावं उरली. भावजी वाचत गेले. आण्णा म्हणत गेले, “जाऊ दे... जाऊ दे... ती न्हाई तरी चालती.”

“कारळफुली,” भावजींनी वाचलं.

दाराशी गहू निवडत बसलेल्या आत्याबाईंचा हात थांबला.

“माझी कारळफुली? ती गेली?”

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आण्णांनी त्यांच्या लुगड्यासाठी तो काठ काढला होता. आत्याबाई माहेराहून आल्या तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारळ फुललं होतं, पिवळंजर्द, तेच फूल. ते लुगडं केव्हाच विरून गोधडीला गेलं, गोधडीही गेली. उरलं होतं ते डिझाईन, आणि ते आत्याबाईंनी आपल्याच हातानं काथ्यानं घासून काढलं होतं. त्यांना ते तेव्हा कळलं. त्या रडल्या नाहीत, पण सुपातले गहू नुसतेच इकडून तिकडे करत राहिल्या.

“रडू नगं,” आण्णा म्हणाले, त्या रडत नसताना. मग भावजींकडे वळले. “आता ह्या किती सीड्या काढणार?”

“दोन सेट काढतो आण्णा. एक शैलाच्या पद्धतीनं, एक माझ्या. माझ्यात नावं नीट ऱ्हातात.”

“ठेवणार कुठं?”

“कपाटात.”

“दोन्ही एकाच कपाटात? मग हिची पूजा दोन्हींना पावंल की.”

आम्ही सगळे हसलो. आत्याबाईसुद्धा पदरात तोंड लपवून हसल्या. आण्णा मात्र हसत नव्हते.

“एक सेट दुसऱ्या गावात पायजे.”

“बँकेच्या लॉकरला ठेवूया? कोल्हापूरला?” भावजी म्हणाले.

“लॉकरला ठेवून डिझाईन जगत न्हाई. मागावर चढलं पायजे.” मग त्यांनी नंदकुमारकडे बघितलं. “विट्याच्या खोलीचं भाडं ठरिवलंस का न्हाई अजून?”

नंदकुमारच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

“आण्णा, तुम्हाला...”

“त्या कारखानदाराचा मला गणपतीतच फोन आलता. पोराला पाठवतासा का, म्हणून. मी म्हटलं, त्येला विचारा. आणि मी वाट बघत बसलो, हा तोंड कवा उघडतोय म्हणून. तुझ्यापरास हिच्या सीड्यांनी आधी तोंड उघडलं.”

“आण्णा, मी भांडून नाही जाणार,” नंदकुमार कसंबसं म्हणाला.

“म्हणून तर जा म्हणतोय. माझा भाऊ गेला तवा असंच हुतं. सगळी एकमेकांवर टेकून. एक ढासळला आणि सगळ्यांचं गेलं. नावं तेवढी ऱ्हायली.” मग आम्हा दोघांकडे बघून म्हणाले, “तुमचं आपापलं असू द्या. घर एकच.”

भावजी काय म्हणतील याची मला धाकधूक होती. ते घरातले थोरले, सगळं एकात बांधून ठेवायची हौस त्यांचीच. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. “विट्याला वीज लई जाती म्हणं,” ते नंदकुमारला म्हणाले. “बॅटरी घेतल्याशिवाय कॉम्प्युटर चालू करू नको. मी येऊन बसवून देतो.” एवढंच म्हणाले. पण नंतर जाताना आमच्या सामानाच्या टेम्पोत ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसून आले आणि ती बॅटरी त्यांनी सगळ्या वाटेभर मांडीवर धरली होती.

आमचं निघणं दिवाळीनंतरचं ठरलं. तेवढ्या दिवसांत आण्णांनी अडगळीतून ग्राफचा कागद काढला. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून जाड भिंग घेतलं आणि सकाळच्या उन्हात ओसरीवर बसून कारळफुली परत काढायला घेतली. आत्याबाई समोर बसायच्या.

“पाकळ्या आठ हुत्या,” आण्णा म्हणायचे.

“आठ असतील. पर टोकाला चिरलेल्या हुत्या.”

“त्या चिरा मी काढल्याच न्हवत्या. मागाला येत न्हवत्या.”

“काढल्या हुत्या. माझं लुगडं, मला म्हाईत.”

दोन-तीन कागद खोडून झाल्यावर चिरा आल्या. ते काढताना आण्णांची मान त्या कागदावर अशी कलायची की आक्का मला खुणावून दाखवायच्या, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरातून उगाचच डोकावून जायचो. पुरी झाल्यावर मी ती कॉम्प्युटरवर चढवली. पडद्यावर पिवळं फूल उमटलं तेव्हा आत्याबाईंनी पुढे होऊन त्याला हात लावला आणि लगेच मागे घेतला. “न्हाई बाई, परत काय हुईल,” म्हणाल्या.

मी निघायच्या आदल्या दिवशी आमचा सेट काढत होते. आण्णा आले.

“कारळफुली घातलीस का तुझ्या सीडीत?”

“घातली आण्णा.”

“मग हितली पुसून टाक.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. भावजी शेजारूनच म्हणाले, “आण्णा! आत्ताच एवढं रामायण झालं, आणि परत एकच कॉपी?”

“एकच. आणि ह्यो कागुदबी घिऊन जा.” त्यांनी गुंडाळलेला ग्राफ माझ्या हातात दिला. “बाकीचं सगळं दोन्हीकडं असू दे. ही तेवढी विट्यालाच. मला लागली की मी मागायला येईन.”

सख्ख्या भावाच्या दाराकडे इतकी वर्षं न फिरकलेला तो माणूस माझ्याकडे बघत होता. मी त्यांच्यासमोर ती फाइल पुसली. पुसतानाच मला रडू आलं, आणि ह्या वेळी मी ते आवरलं नाही.

आण्णा आले. पहिल्यांदा शिमग्याच्या आधी आले, आत्याबाईंना घेऊन, चार दिवस राहिले, शेवग्याच्या शेंगांची आमटी जेवले आणि कारळफुली न घेताच गेले. “ऱ्हायली की,” एसटीत बसल्यावर म्हणाले. “परत यायला लागतंय आता.”

आता सीड्या गेल्या, पेनड्राइव्ह आले, तेही मागे पडले. आमची बाकीची सगळी डिझाईनं कुठल्या कुठल्या देशातल्या कॉम्प्युटरवर असतात म्हणे, आणि इचलकरंजीत बसून भावजी माझं आणि मी त्यांचं बघू शकते. आण्णा पंच्याऐंशीच्या पुढे गेलेत. गुडघे दुखतात, तरी भावजींच्या गाडीतून दर वर्षी येतात, जेवतात, झोपतात, आणि जाताना हमखास विचारतात, “कारळफुली ठेवलीस न्हवं नीट?”

ती अजून माझ्याकडेच आहे, एकच. मोठे भावजी मला वेडी म्हणतात. पण इचलकरंजीला मी तिची कॉपी पाठवलेली नाही.